भटूच्या जागेवरच्या सायकली

भटू, आज दुपारी तुझ्या घरी जाऊन आलो आणि येताना फार हलकं वाटत होतं. तू जाऊन अजून पंधरा दिवस झाले नाहीत, गंधमुक्ती होऊन, सुतक फिटून जेमतेम तीन दिवस झालेत, आणि तुझा एवढा जुना मित्र सुटल्यासारखा हात हलवत रस्त्याने चालतो, हे कुणी पाहिलं असतं तर मला नावं ठेवली असती. ठेवू देत. तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो आहे. शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस. माझ्या पाटीवरचं 'पंचर' तू खडूने 'पंक्चर' करून गेला होतास, तेव्हापासून आठवडाभर गिऱ्हाइकं विचारत होती, "हिलालभाऊ, हाई नवीन काय चालू करं?"

तू कोणत्या साली नोकरीला लागलास, कुठे कुठे बदल्या झाल्या, ते सगळं गंधमुक्तीच्या दिवशी माइकवर सांगून झालं. एका हेडमास्तरांनी तर तुला मितभाषी म्हटलं. मी हसू लपवायला उठून बाहेर गेलो आणि लोकांना वाटलं, मला रडू आलं. मग मंडपामागे उभा राहिल्यावर खरोखरच आलं. त्यामुळे त्या बाबतीत मी कुणाला फसवलं नाही.

मला बोलायचं आहे ते एक फुलपात्र पाण्याबद्दल. अठ्ठावीस वर्षं ते माझ्या घशात अडकलं होतं. तू असताना मला ते बोलता आलं नाही, आणि तू गेल्याचा निरोप आला त्या सकाळी पहिला विचार तोच आला, की आता हे बोलायचं कायमचं राहिलं.

तुझी सोनू आणि माझी वैशाली दुसरीत एकाच बाकावर बसायच्या. सोनूला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा आपल्याकडे तो शब्दही कुणी तोंडातून काढत नसे, 'मोठा आजार' म्हणायचे आणि गप्प व्हायचे. तुम्ही मुंबईहून पहिल्यांदा परत आलात तेव्हा मी भेटायला निघालो. दारातच आई म्हणाली, "जाय, पन त्यास्ना घरनं पानी पिऊ नको. आपला घरमा बी पोर शे." मी आईला हसलो. अकरावीपर्यंत शिकलेला माणूस ना मी! असले आजार लागत नसतात एवढं मला कळत होतं.

मे महिना होता. दुकानापासून तुझ्या घरापर्यंत उन्हातून चालत आलो होतो, शर्ट पाठीला चिकटला होता. सोनू डोक्याला पांढरा रुमाल बांधून खाटेवर बसली होती. मला पाहून तिने विचारलं, "वैशाली नही उनी?" मंगलावहिनी तांब्या आणि फुलपात्र घेऊन आल्या. आणि माझ्या तोंडातून निघालं, "नको वहिनी, आत्तेच पिईसन उनू."

वहिनी भरलेलं फुलपात्र परत आत घेऊन गेल्या. तू त्या फुलपात्राकडे पाहिलंस, माझ्या ओल्या शर्टाकडे पाहिलंस आणि विचारलंस, "धंदा कसा शे?" मी म्हणालो, बरा शे. पाच मिनिटांत उठलो. घरी येऊन माठाजवळ उभ्यानेच तीन फुलपात्रं प्यायलो.

त्यानंतर सोनू होती तोवर, म्हणजे सहा महिने, मी तुझ्या घराची पायरी चढलो नाही. बाजाराला जायचं तर मारुतीच्या बोळातून वळसा घालून जायचो. वैशालीलाही पाठवलं नाही. सोनू गेली तेव्हा मात्र सांत्वनाला दारावर बसायला आलो. शंभर माणसं होती. दारावर बसायला आलेल्याला कुणी पाणी विचारत नाही, त्यामुळे माझी सोयच झाली. मान खाली घालून बसलो आणि सगळ्यांबरोबर उठलो.

मग दोन-तीन महिन्यांनी तू दुकानावर आलास. सायकलचं मागचं चाक डुगडुगत होतं, तारा ओढून त्याचा आऊट काढायचा होता. मी चाक फिरवत बसलो, तू स्टुलावर बसलास, आणि जणू मधलं काही घडलंच नाही असं तू बोलायला लागलास. मी मनातून तुझे पाय धरले. तोंडाने मात्र म्हणालो, "दोन तारा बदलना पडतीन." तेव्हापासून परवापरवापर्यंत रोज संध्याकाळी तू त्या स्टुलावर. तुझ्या घरी सणावाराला आलो, जेवलो, पाणीही प्यायलो असेन, पण ते दहा माणसांतलं. त्या एका फुलपात्राचा विषय ना तू काढलास ना मी.

चार वर्षांपूर्वी निवृत्त झालास आणि महिनाभरातच डोक्यात किडा घेऊन आलास. "हिलाल, सायकली पाहिजेत. दहा-बारा."

"कोठे जावानं शे?"

"कोठेच नही. जागावरच."

मला वाटलं, घरी बसून तुझं डोकं फिरलं. मग तू समजावून सांगितलंस. शाळेच्या पटांगणात सायकली उभ्या करायच्या, मागचं चाक अधांतरी. ज्याने त्याने अर्धा तास बसून पायडल मारायचं. त्याच्या नावाने त्याच्या घरच्यांनी, मित्रांनी, दुकानदारांनी पेटीत काय टाकायचं ते टाकायचं आणि ती पेटी, ज्यांची लेकरं कॅन्सरच्या उपचाराला मुंबईला जात-येत आहेत, त्या घरांना. शहरात असं करतात म्हणे. मी म्हणालो, मग रॅली काढू. सारंगखेड्याच्या पुलावरून निघू, शहाद्यापर्यंत जाऊ, गावोगाव लोक बघतील, फोटो येतील. एका जागेवर घाम गाळणाऱ्या माणसाला कोण कशाला काही देईल?

तू म्हणालास, "सारंगखेडाना बाजारमा घोडा जागावरच नाचस ना? तो कोठे जास? तरी लोक वरतून नोटा ओवाळतस."

मला हसू आलं. पण पटलं नव्हतं. रॅलीवरून आपण चार वर्षं भांडलो. दरवर्षी मी म्हणायचो, यंदा तरी रॅली काढ, आणि तू मान हलवायचास, "नही. माले त्या लोक आठेच पाहिजेत." का, ते कधी सांगितलं नाहीस. मास्तर लोकांना वाटतं, कारण सांगितलं की पोरं डोक्यावर बसतात.

सायकलीच्या खाली ठेवायला मी लोखंडी अँगलच्या घोड्या वेल्ड करून घेतल्या. ब्रेकचं रबर रिमला जरा घासत ठेवलं, म्हणजे चढावर असल्यासारखा जोर लागतो. तिथेही तू आलासच. "आवळ."

"आवळं तर शे."

"आनखी आवळ. घाम ऊना पाहिजे."

मी म्हणालो, भटू, हलकं ठेवलं तर म्हातारी माणसंही बसतील, जास्त वेळ बसतील. तू हातातला पाना काढून घेतलास आणि स्वतः आवळलंस. वेळेचंही तेच. मी म्हणालो सकाळी सहाला सुरू करू, गार असतं. तू म्हणालास अकराला. होळीच्या आधीचा रविवार आणि सकाळचे अकरा! आपल्याकडे त्या दिवसांत अकराला कुत्रंही भिंतीच्या सावलीला जाऊन बसतं. मी तुला जल्लाद म्हणालो. तू फक्त हसलास.

आणि पहिल्या वर्षीची ती रिक्षा आठवते का? भोंगा लावून गावोगाव फिरवलेली? मजकूर तू लिहिला होतास, वाचायला दिला होता मला. शुद्ध मराठीत होता, 'स्थिर सायकल उपक्रम' वगैरे. कुणाला काही कळेना म्हणून मी माझ्या धंद्यातली भाषा केली आणि माइकवर सांगून टाकलं, "रविवारे शाळाना पटांगणमा घोडीवर बठाले या! आजारी लेकरंसाठे घोडीवर बठा!" आता मला घोडी म्हणजे वेल्डिंगची घोडी. घोड्यांच्या बाजाराशेजारी राहणाऱ्या माणसांना काय वाटणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. रविवारी अकराच्या आधीच शे-दीडशे पोरं रांगेत उभी, घोडी कुठे म्हणून. आणि पुलापलीकडून एक म्हातारा खरोखरच आपली घोडी सजवून घेऊन आला. पांढरीशुभ्र, कपाळावर गोंडे, पायात घुंगरू. म्हणाला, "लेकरंसाठे म्हनेत, म्हनीसन घोडी लई उनू."

मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. तू पुढे झालास, घोडीच्या मानेवर हात फिरवलास, तिला निंबाखाली बांधलंस, चारा मागवलास आणि म्हाताऱ्याला म्हणालास, "बाबा, तुम्हनी घोडी थकेल शे. आते आम्हनी घोडीवर बठा." आणि तो बसला. पटका बांधून, धोतर खोचून, अर्धा तास. मधेच विचारत होता, "कितला कोस व्हयनात?" सगळं पटांगण हसत होतं. तोवर कोपऱ्यातल्या मांडवात आजारी लेकरांची चार घरं गप्प बसलेली होती, तीही हसली.

पण हसण्याआधी सकाळी जे झालं ते मला आठवतं. मी तुला न विचारता पाण्याचे दहा जार सांगितले होते. गार, फिल्टरचे. टेम्पो आला आणि तू पाहिलंस. भटू, तू चिडलास की शुद्ध मराठी बोलायचास, हे मला शाळेपासून माहीत होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालास, "हे पाणी परत पाठव. आत्ताच्या आत्ता. इथे बाहेरचं पाणी येणार नाही." टेम्पोवाला माझ्याकडे बघत राहिला. मी चांगलं करायला गेलो होतो आणि चार माणसांत माझा पाणउतारा झाला. दुपारपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. पण तू पुढे होऊन समजूत काढावीस, हे तुझ्या स्वभावातच नव्हतं.

पाण्याची तुझी व्यवस्था वेगळीच होती. मांडवात त्या चार घरांनी आपापले माठ भरून आणले होते. बारी संपली की सायकलवरून उतरायचं, मांडवात जायचं आणि पाणी तिथेच प्यायचं, त्यांच्याच हातचं. एवढी एकच अट. पहिली बारी माझी होती, कारण रुसलेल्या माणसाला कामाला लावलं की रुसवा जातो हा तुझा मास्तरकीचा सिद्धांत. माझ्या सायकलचा ब्रेक तू स्वतः आवळलास. अर्ध्या तासाने उतरलो तेव्हा घसा कोरडा पडला होता, घाम डोळ्यांत उतरून समोरचं नीट दिसत नव्हतं. मांडवात गेलो, कुणीतरी गिलास पुढे केला तो घेतला, रिकामा केला, पुन्हा पुढे केला. मग खाली बसलो. शेजारी एक बाप होता, मोलगीकडच्या डोंगरातून पोरीला घेऊन आलेला. त्याने विचारलं, दमलात का? मी हो म्हणालो आणि आमच्या गप्पा सुरू झाल्या. त्याची पोर किती वर्षांची, जीपने खाली यायला किती वेळ लागतो, मुंबईत कुठे उतरतात. माझ्या मागून तो घोडीवाला आला, तोही पाणी पिऊन तिथेच बसला आणि तासभर आपल्या घोडीचं कौतुक सांगत राहिला. असं एकामागून एक. जो उतरला तो पाणी प्यायला, जो प्यायला तो बसला.

मला त्यातलं काही कळलं नव्हतं, भटू. चार वर्षं मी घोड्या वेल्ड केल्या, चैनीला तेल दिलं, तुझ्याशी भांडलो आणि मला वाटत राहिलं की सायकली पेटी भरायला आहेत. पेटी भरायचीही, नाही असं नाही. पहिल्या वर्षी मांडवात आईच्या मांडीवर झोपलेली एक पोर आता सायकलने शाळेत जाते आणि दर सोमवारी माझ्याकडे हवा भरून घेते. तिच्याकडून मी कधी काही घेत नाही. तिचे केस आता खांद्याच्या खाली गेलेत.

आपली शेवटची भेट मी किती वेळा आठवली असेल. तू नेहमीच्या वेळेला आलास, स्टुलावर बसलास, म्हणालास, "यंदा ब्रेक आनखी आवळ." मी म्हणालो, लोक तुला मारतील. मग तू विचारलंस, "रेखाकडे जाई उना का?" आपल्या मागच्या गल्लीतल्या रेखाच्या पाच वर्षांच्या पोरीला महिन्यापूर्वी तोच आजार निघाला होता. तू पहिल्याच दिवशी जाऊन आला होतास. मी म्हणालो, जाईन, रविवारी जाईन. तू चप्पल घातलीस आणि निघालास. वळून पाहिलं नाहीस. तुला तशी सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तू झोपेतून उठला नाहीस, आणि मी रविवारी रेखाकडे गेलो नाही. खरं तर त्याच्या आधीचे तीन रविवारही मी तेच म्हणत होतो. या वेळी आजार लागेल ही भीती नव्हती. काय बोलावं ते सुचत नव्हतं. वळसा घालायला मारुतीचा बोळ अजून होताच.

तुझ्याशिवाय संध्याकाळ फार लांब होते. तुझी फार आठवण येते, भटू. स्टूल मी आत ठेवून दिलं होतं, काल परत बाहेर काढलं, कारण त्याच्याशिवाय दुकान बोडकं दिसायला लागलं.

तर आज तुझ्या घरी गेलो. निमित्त सायकलींचं होतं, यंदाचं काय करायचं ते वहिनींना विचारायचं होतं. पण खरं सांगू? त्यांच्यासमोर तरी एकदा बोलून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. वहिनी एकट्याच होत्या, गहू निवडत बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि सायकलींबद्दल काही न बोलता सरळ म्हणालो, "वहिनी, सोनू आजारी व्हती तवय मी तुम्हनं पानी पिनू नही. मी खोटं बोलनू. माले तहान लागेल व्हती." एवढं बोललो. साठीचा माणूस, पोरासारखा रडायला लागलो.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग शोधायचा होता, तो काही सापडेना. म्हणाल्या, "भाऊ, ते पानी व्हय? ते तर तुम्ही कवयनंच पिई टाकं."

"कवय?" मी विचारलं.

"पहिला वरीसले. मांडवमा मीबी आपला घरना माठ लई बठेल व्हती. दोन गिलास. मीच दिधं तुम्हले. तुम्हनं ध्यानच नव्हतं."

मला तो हातही आठवेना, नुसता गिलास आठवला. मग वहिनींनी बाकीचं सांगितलं. त्या संध्याकाळी तू घरी आलास आणि चप्पलही न काढता हसत ओट्यावर बसलास. म्हणालास, आज हिलालनी तुन्हा हातनं पानी पिधं. वहिनींनी विचारलं, तेवढासाठे ह्या सायकली लावेल व्हत्यात का? तर तू म्हणालास, "तेवढासाठे नही. पन तेबी शे."

भटू, तू काय माणूस होतास रे! ब्रेक आवळायचा, अकरा वाजताचं ऊन, रॅली नको, जार नको. मी चार वर्षं तुला अडाणी, हट्टी, जल्लाद म्हणत राहिलो. तुला फक्त तहानलेली माणसं पाहिजे होती. "तहान लागेल मानूस हात देखत नही," असं तू म्हणायचास म्हणे. वहिनींजवळ. माझ्याजवळ कधी म्हणाला नाहीस. लोकांना आजारी पोराच्या घरी बोलता येत नाही, म्हणून ते जात नाहीत, आणि गेले तर पाण्याला हात लावत नाहीत. मेल्यावर दारावर मात्र शंभर जण येतात. हे तू माझ्यावरूनच शिकला असणार, असं मी वहिनींना म्हणालो.

तर त्या म्हणाल्या, नाही. आणि मग तू मला अठ्ठावीस वर्षांत जे सांगितलं नव्हतंस ते त्यांनी सांगितलं. तुझी पहिली नेमणूक मोलगीकडच्या डोंगरातल्या शाळेवर. वर्गातली एक पोर बरेच दिवस आली नाही म्हणून तू तिच्या पाड्यावर गेलास. पोर झोपडीत पडून होती, मानेवर गाठी आलेल्या. तिच्या आईने तुला पाणी आणून दिलं. आणि भटू गुरुजी, तुम्ही म्हणालात, आत्ताच झऱ्यावर पिऊन आलो. झरा कोरडा होता हे तिलाही माहीत होतं. नंतर पोर शाळेत परत आली नाही आणि तूही त्या पाड्यावर परत गेला नाहीस.

सोनूच्या वेळी मी तेच वाक्य बोललो तेव्हा वहिनी रात्रभर धुमसत होत्या, आणि तू त्यांना म्हणालास, "मी त्याले कोनता तोंडे बोलू?"

हे ऐकलं आणि मी हसायला लागलो. आधी डोळे पुसत, मग मोठ्याने. वहिनीही हसल्या. दुःखातल्या घरातून असं हसणं बाहेर ऐकू गेलं असेल, शेजारच्यांनी काय म्हटलं असेल देव जाणे. पण भटू, मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. तू मला माफ केलं होतंस, हे तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट, की तू माझ्याहून वर उभा राहून माफ केलं नव्हतंस. तू देवमाणूस होतास, असं माइकवर सगळे सांगत होते तेव्हा मला आणखीच लाज वाटत होती. आज कळलं, तूही माझ्यासारखाच खोटं बोलून पळालेला. फक्त तू पळाल्यावर पुन्हा मागे वळायची वाट शोधत राहिलास, आणि ती सापडल्यावर मलाही सोबत घेतलंस. तेही न सांगता. म्हणजे आभार मानायचीही सोय ठेवली नाहीस.

थोडा रागही आहे, तो ठेवणार आहे. एकदा बोलला असतास तर काय बिघडलं असतं? स्टुलावर बसून जगभराचं बोलायचास. "हिलाल, मीबी नही पिनू" एवढंच म्हणायचं होतं. मी किती रात्री कुशी बदलत काढल्या. पण मग मीही बोललो नाहीच. अठ्ठावीस वर्षं दोघंही चाकाचा आऊट काढत बसलो.

वहिनी म्हणाल्या, सायकली यंदाही लावा, पहिली बारी माझी. मी म्हणालो, वहिनी, ब्रेक फार आवळलेला असतो. म्हणाल्या, मग सैल कोण कर म्हणतंय?

तिथून निघालो. हात हलवत, तेच वर लिहिलं आहे. मारुतीच्या बोळाशी आलो आणि पाय सवयीने तिकडे वळले. मग थांबलो आणि मागच्या गल्लीत गेलो.

रेखाचं दार उघडंच होतं. तिची पोर चटईवर रंगाच्या कांड्या पसरून चित्र काढत होती, डोक्याला फुलाफुलांची टोपी. रेखाने मला पाहिलं आणि ती गडबडली. खुर्ची पुसून दिली. मी बसलो. पोरीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. काय बोलावं, ते मला अजूनही सुचत नव्हतं. रेखा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आत जाऊ की नको, असं तिचं चाललं होतं. दीड महिन्यात किती जणांनी तिला 'आत्ताच पिऊन आलो' म्हटलं असेल, ते तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. शेवटी खाली बघतच तिने विचारलं, "काका, पानी... नही तर समोरना दुकानमाईन बाटली मांगाडस."

मी म्हणालो, "बाटली कसाले? तुन्हा माठनं आन, माय. भलती तहान लागेल शे."

ती आत गेली आणि भरलेला गिलास घेऊन आली. मी तिच्याकडे बघत सगळा गिलास प्यायलो, हळूहळू, आणि आणखी एक मागितला. तोही प्यायलो. मग रेखा माझ्यासमोर जमिनीवर बसली, पदर नीट केला, आणि पहिल्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले तिथपासून बोलायला लागली. भटू, मी उठलो नाही.